डाईंगच्या कॉलमला लोणा लागलाय की सल्फेट?

तुमच्या डाईंग युनिटमधल्या कॉलमचा पायथा वीतभर पांढरा पडून भुसभुशीत झालाय, गवंडी म्हणतो लोणा आहे, खरवडून प्लॅस्टर मारू. आणि तुम्ही विचारताय, सल्फेट काँक्रीटचं आतून नेमकं काय करतं? प्लॅस्टर आधी थांबवा.

त्या भुकटीवर लिंबू पिळा. फसफसली आणि पाण्यात विरघळत नसली तर तो सिमेंटमधून बाहेर आलेला चुना, त्याची काळजी नको. न फसफसता पाण्यात विरघळली तर मीठ. सोलापुरात सुती टॉवेल-चादरी रंगवताना ग्लॉबर सॉल्ट वापरतात, म्हणजेच सोडियम सल्फेट. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, भूजलात लिटरला ०.३ ग्रॅमच्या पुढे सल्फेट गेलं की काळजी घ्यायला सांगितलंय. गडद शेडच्या बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, हे मीठ लिटरला पन्नास-साठ ग्रॅम असतं. तेच पाणी फरशीवर सांडतं.

आत गेलेलं सल्फेट सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून जिप्सम करतं आणि सिमेंटमधल्याच ॲल्युमिनेटच्या संयुगांशी मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक. एट्रिंजाइटच्या एका सूत्रात पाण्याचे ३२ रेणू असतात, म्हणून सिमेंटमधल्या ज्या मोनोसल्फेट नावाच्या संयुगापासून ते बनतं त्याच्या दुपटीहून जास्त जागा त्याला लागते. कॉलेजात असताना अशाच एका ड्रेनेज चेंबरचा नखाएवढा तुकडा मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. हवेच्या पोकळीत सुयांचा गुच्छ, थेट साळिंदर. मला वाटलं, सापडला चोर. सरांनी थांबवलं: ऐसपैस जागेत वाढलेली सुई कुणाला ढकलत नाही. घात होतो तो सिमेंटच्या पेस्टमधल्या नॅनोमीटरभर छिद्रांत. तिथे स्फटिकाला वाढायला जागा नसते, तो भिंतींवर दाब देतो, आणि काँक्रीट दाब कितीही सोसत असलं तरी ताण सोसत नाही. बारीक तडे जातात, तड्यांतून आणखी मिठाचं पाणी शिरतं.

पण तुमच्या पायथ्याची भुकटी बहुधा दुसऱ्याच कारणाची आहे, आणि त्यात आपल्या हवेचा मोठा हात आहे. सोडियम सल्फेट ३२.४ अंशांच्या वर कोरडं राहतं. त्याखाली ओल मिळाली की पाण्याचे दहा रेणू धरून जवळपास चौपट फुगतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी चाळीस, पहाटे पंचवीस. म्हणजे ही रेघ रोज ओलांडली जाते. जिथे पाणी वर चढून वाळतं, बरोबर त्याच पट्ट्यात पापुद्रे सुटतात. किल्लीने खरवडलंत तर वाळूचे दाणे मोकळे हातात येतील.

आता सिमेंट. दुकानदार सल्फेट-रेझिस्टिंग सिमेंट सुचवेल. त्यात ॲल्युमिनेट कमी, ५ टक्क्यांच्या आत, त्यामुळे पहिला प्रकार, एट्रिंजाइटचा, आटोक्यात येतो. दुसऱ्यावर, मीठ फुगण्यावर, त्याचा उपयोग नाही. शिवाय डाईंगमध्ये साधं मीठही वापरत असाल तर त्यातल्या क्लोराइडने सळई गंजते, तिथे मी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंटच घेईन. दोन्हीकडे उपयोगी पडतं ते घट्ट काँक्रीट: पाणी सिमेंटच्या निम्म्याहून कमी आणि क्युरिंग मनापासून.

आधी फरशीला उतार आणि गटार दुरुस्त करा, कॉलमपाशी पाणी साचता कामा नये. मग भुसभुशीत भाग टणक काँक्रीट लागेपर्यंत काढा, आणि सळई उघडी पडली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओल असताना प्लॅस्टर किंवा ऑइल पेंट मारलात, तर पाणी आणखी हातभर वर चढेल आणि मीठ रंगामागे, तुमच्या नजरेआड वाढत राहील.