घरच्या संरक्षणासाठी ९ मिमी की .४५?

९ मिमी घ्या (हे आकडे म्हणजे कॅलिबर, गोळीचा व्यास; .४५ हा इंचात); अमेरिकेत घरी ठेवायच्या पिस्तुलात .४५ने फारसं जास्त काही पदरात पडत नाही. एफबीआयच्या चाचणीत गोळी शरीराच्या मांसासारख्या जिलेटीनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरावी लागते, वर जाड कपडे असले तरी. आजच्या चांगल्या होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या, शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या) गोळ्या दोन्ही कॅलिबरमध्ये त्यात पास होतात. १९८६मध्ये मायामीत एफबीआयच्या दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत ९ मिमीची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली, म्हणून एफबीआय १० मिमी आणि मग .४० कॅलिबरकडे वळली, गोळ्या सुधारल्यावर २०१५च्या सुमारास पुन्हा ९ मिमीवर आली. ९ मिमीचा धक्का कमी असल्याने दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. शिवाय ९ मिमीच्या ग्लॉक १७ पिस्तुलात १७ गोळ्या मावतात, .४५च्या ग्लॉक २१मध्ये १३. (एका गोळीत माणूस मागे उडतो, ते फक्त सिनेमात.) मात्र हे होलो पॉइंटपुरतं खरं. सरावाची, पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी शरीरातून आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. न्यू जर्सीत असाल तर होलो पॉइंट घरात चालतात, बाहेर बाळगण्यावर निर्बंध आहेत. आधी तो कायदा पाहा.