ॲस्टेरियन आवडतो म्हणून गेम डिलीट करू नका

तुम्ही विचारलंय, 'बाल्डर्स गेट ३' हा गेम कितीही वेळा सुरू केला तरी रोमान्स त्यातल्या ॲस्टेरियन या व्हॅम्पायरशीच होतो आणि शेवटी त्याला अफाट ताकद देणारा तो विधी करू द्यावासाच वाटतो, तर आपल्यात काही बिघाड आहे का? एवढ्यावरून तरी नाही. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

हाच प्रश्न घेऊन मी एका समुपदेशन केंद्रात गेले होते, नाव घेत नाही. समोरच्या बाईंनी पात्र कोण, गोष्ट काय, एका शब्दाने विचारलं नाही. स्क्रीन टाइमचा तक्ता भरायला दिला, गेम काढून टाका म्हणाल्या, वर 'लग्नाचं काय ठरवलंय?' पैसे गेले ते गेले, पण नंतर कित्येक महिने या विषयावर कुणाजवळ तोंड उघडलं नाही. आणि बोलायची गरज तेव्हाच होती, कारण खऱ्या आयुष्यातलं एक नातं काही केल्या सुटत नव्हतं. त्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. अजून आठवलं की डोकं फिरतं.

असो. मला वाटतं, आपल्याला चटक लागते ती परतफेडीची. दोनशे वर्षं मालक कॅझाडोरची गुलामी भोगलेला हा व्हॅम्पायर तुम्हाला पटवतो ते स्वतःच्या संरक्षणासाठी. मूनराइज टॉवर्समधली ती ड्रो, म्हणजे डार्क एल्फ जमातीची, बाई 'मला चाव' म्हणून मागे लागते, तिथे तुम्ही त्याच्या नकाराच्या बाजूने उभ्या राहिलात की पुढे तो हे स्वतःच कबूल करतो. तुम्ही नीट वागलात आणि त्याची पावती लगेच मिळाली! बाहेर वर्षानुवर्षं समजून घ्या, समोरचा ढिम्म.

विधीत सात हजार जीवांचा बळी जातो, आणि त्यानंतर तो तुमच्याशी मालकासारखा बोलतो. लेखकांनी ते गोडगोड केलेलं नाही. तरी तोच शेवट आवडत असेल तर खुशाल आवडू दे, एस्केप दाबून उठता येतं तिथून. मात्र खऱ्या माणसाबद्दल 'त्यानेही लहानपणी फार सोसलंय हो' असं तोंडून यायला लागलं, तर माझं उत्तर सोडा आणि चांगला समुपदेशक गाठा. सगळे तसे नसतात, असं म्हणतात.

जाता जाता: विधीआधी वेगळा सेव्ह ठेवा, ऑटोसेव्हवर विसंबू नका. एकदा त्याला परावृत्त करून बघा, फासा वाईट पडला तर इन्स्पिरेशन पॉइंट खर्च करून पुन्हा टाका. मग तो तुम्हाला स्वतःच्याच थडग्यापाशी नेतो, तो सीन चुकवू नका. आणि २०१० चा 'मास इफेक्ट २' मिळाला तर त्यातल्या जॅक या बाईचा रोमान्स खेळा. तिथे सुरुवातीलाच घाईने जवळीक केली की पुढचा रोमान्स बंद. तुमचं पात्र, शेपर्ड, मात्र पुरुष घ्यावं लागेल.