खांद्याची मोठी फाट शिवावी का?

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर कामाला. चार महिन्यांपूर्वी काहील उतरवताना खांद्यात कट्‌कन आवाज झाला. तेव्हापासून हात वर जात नाही; आम्ही धरून उचलला तर पूर्ण जातो. एमआरआयमध्ये रोटेटर कफच्या (खांद्याभोवतीच्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोरांच्या) दोन कंडरा तुटून फाट ५ सेंमीची झालीय. शुगर आहे, तंबाखूही आहे. एक डॉक्टर दुर्बिणीतून शिवू म्हणतात, दुसरे म्हणतात उपयोग नाही. पुन्हा कामावर कधी जाता येईल? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्याने उचलल्यावर हात पूर्ण जातोय, म्हणजे सांधा आखडलेला नाही. हे चांगलं. शिवायचं की नाही, हे नुसत्या ५ सेंमीवर ठरत नाही. कंडरेमागच्या स्नायूत चरबी किती भरलीय, ते एमआरआयवर विचारा. स्नायू जास्त आणि चरबी कमी असेल तर शिवण्यात अर्थ आहे. निम्मी किंवा जास्त चरबी असेल तर शिवलेलं बहुधा जुळत नाही. साध्या एक्स-रेत दंडाच्या हाडाचा गोल माथा आणि त्याच्या वरचं खांद्याचं हाड यांत ७ मिमीपेक्षा कमी जागा उरली असेल, तरीही दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरू शकतं.

शस्त्रक्रियेचं निम्मं यश टाक्याआधीच ठरतं. मागे सरकलेली कंडरा आजूबाजूला चिकटलेली असते, ती वरून-खालून सोडवावी लागते. हा माथा जिथं बसतो त्या खोबणीच्या कडेपासून दीड-दोन सेंमी आत स्नायूची नस असल्याने तिकडे जपूनच जावं लागतं. मग चिमट्यात धरून बघायचं : हात अंगालगत असताना कंडरा जोर न लावता हाडापर्यंत येते का? आली तर हाडात दोन रांगांत अँकर (दोरे अडकवलेले छोटे खिळे) बसवतात. आतली रांग कूर्चेच्या (माथ्यावरच्या गुळगुळीत थराच्या) कडेला. तिचे दोरे कंडरेतून काढून बाहेरच्या रांगेत ताणून पक्के करतात. फाट इंग्रजी यू अक्षरासारखी खोल असेल तर आधी तिच्याच दोन कडा आतून बाहेर एकमेकींना शिवत येतात, म्हणजे हाडाजवळचा ताण उतरतो.

कंडरा हाडापर्यंत नाही आली तर ओढून बसवण्याचा हट्ट नको. अँकर सहसा हाडात टिकतो, दोराच कंडरा चिरून सुटतो. अशा वेळी पुढची-मागची कंडरा जमेल तेवढी बसवून वरचं भोक तसंच ठेवलेलं बरं. पुढची-मागची ओढ सारखी झाली की माथा खोबणीत स्थिर राहतो आणि दुखणं बऱ्यापैकी कमी होतं. तेही शक्य नसेल तर दुसरा स्नायू वळवणं किंवा, वय जास्त असल्यास, उलट्या रचनेचा (गोळा आणि वाटी यांच्या जागा बदललेला) कृत्रिम सांधा.

तंबाखू महिनाभर आधी बंद आणि नंतर किमान तीन महिने बंदच. मशेरीही त्यातच धरा. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८ टक्क्यांच्या खाली आणून मगच तारीख घ्या.

नंतर ६ आठवडे उशीवाली झोळी. स्वतःहून हात उचलायला त्यानंतर सुरुवात, ताकदीचा व्यायाम १२ आठवड्यांनंतर. दुखत नाही म्हणून दुसऱ्याच महिन्यात बादली उचलणारेच टाके तोडून परत येतात. जड काम ६ महिन्यांआधी नाही. काहील मात्र त्यानंतरही दुसऱ्यांनी उतरवावी. वडिलांनी गुळव्याच्या शेजारी उभं राहून पाक बघावा.