हिब्रू प्रार्थना शिकताय? आधी एवढं सांभाळा

सिद्दूरमध्ये (ज्यू प्रार्थनेच्या पुस्तकात) योद-हे-वाव-हे ही देवाच्या नावाची चार हिब्रू अक्षरं दिसली की जोडून वाचायची नाहीत, तिथे ‘अदोनाय’ म्हणायचं. बऱ्याच छापील प्रतींत नुसत्या दोन योद असतात, त्याही तशाच वाचा. गोंधळू नका, आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते.

अदोनाय मात्र फक्त प्रार्थनेत आणि तोरा (आपला धर्मग्रंथ) वाचताना. गप्पांत ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. नवखे इथेच घसरतात: पाठांतर म्हणून बसमध्ये आख्खी ब्राखा (आशीर्वचन) देवाच्या नावासकट पुटपुटत बसतात. सरावालाही हाशेमच घ्या.

हिब्रूत देवाचं नाव छापलेल्या झेरॉक्स रद्दीत घालू नका. सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) गेनिझासाठी, म्हणजे अशा कागदांच्या साठ्यासाठी द्या, पुढे त्या पुरतात.

मराठीत ‘देव’ बिनधास्त म्हणा, आम्ही बेने इस्राएलही (मराठी बोलणारे ज्यू) म्हणतोच. एलोहीम या देवासाठीच्या दुसऱ्या हिब्रू शब्दाचं बोलताना ‘एलोकीम’ कधी करायचं, ते सध्या राहू द्या.