कुमासीत उतरायचं कुठं?

पश्चिम आफ्रिकेतल्या घानाला मशिनरी पाठवणाऱ्या आपल्या भागातल्या मंडळींबद्दल मागच्या अंकात दोन ओळी काय छापल्या, पत्रं नि मेसेज सुरूच झाले. बहुतेकांचा रोख एकच, कुमासीत, म्हणजे घानातल्या त्या मोठ्या शहरात, राहायचं कसं. त्यातली चार पत्रं घेतलीत. नावं कुणाचीच छापत नाही, धंद्याच्या गोष्टी आहेत.

प्रश्न : मिरज एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, मिरची-मसाला दळायची मशिनं बनवतो. कुमासीतल्या एका डीलरनं बोलावलंय, पंधरा दिवस तरी लागतील. डीलर म्हणतोय हॉटेलचं मी बघतो, पोरगं म्हणतंय ॲपवर फोटो बघून बुक करून टाका. आपलं बजेट साधं, स्टार-बिर काय नको. तिकडं साधं हॉटेल कसं असतंय नि काय काय विचारून घ्यायचं? – एक वाचक, मिरज

उत्तर : दादा, दोघांचंही ऐकू नका, म्हणजे अर्धं अर्धं ऐका. डीलरला म्हणायचं पहिल्या रात्रीपुरती रूम बघून ठेव, एअरपोर्टवरनं किंवा बसस्टँडवरनं घ्यायला ये, आणि पैसे मी देतो. हे पैशाचं महत्त्वाचं आहे बघा, कारण पंधरा दिवस ज्याच्या पैशानं झोपला त्याच्याशी रेट ठरवताना जीभ जरा आखडतेच. दुसऱ्या दिवशी उजेडात दोन-तीन हॉटेलं स्वतः फिरून बघायची नि मग आठवड्याचं ठरवायचं. आठवड्याचं एकदम म्हटलं की रेट कमी होतो, फक्त हसत हसत मागा.

आता ॲपवरचे फोटो. फोटोत बेड दिसतो, पडदे दिसतात, टॉवेलचा हंस करून ठेवलेला दिसतो. टाकी दिसत नाही. आणि तिकडच्या साध्या हॉटेलात सगळं टाकीवर नि जनरेटरवर असतंय. नळाचं पाणी सारखं येईलच असं नाही म्हणून गच्चीवर नायतर अंगणात मोठमोठ्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्याला तिथं सगळे पॉलिटँक म्हणतात. गेल्या गेल्या मान वर करून ती टाकी बघायची, आहे का, किती मोठी आहे, मग काउंटरवर विचारायचं की पाणी गेलं तर बादली कोण आणून देतं. बादली नि मग्गा बाथरूममध्ये असतोच, आपल्याला त्यात काय नवल नाही, शॉवरवाल्या गोऱ्या लोकांचं तोंड बारीक होतं तेवढंच.

लाईटचंही तसंच. घानात भारनियमनाचे वाईट दिवस येऊन गेलेत, अजूनही अधूनमधून लाईट जाते. सगळे म्हणतात आमच्याकडं जनरेटर आहे. बरं आहे, पण त्याच्यावर एसी चालतो का नुसते दिवे नि फॅन? रात्री कितीला बंद करता? आणि तो जनरेटर ठेवलाय कुठं, कारण तो तुमच्या खिडकीखालीच असला तर लाईट नसलेली परवडली. रूम फॅनची नि एसीची असे दोन रेट असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी जाणार असाल तर सहाराकडनं हरमाटान नावाचा कोरडा धुळीचा वारा येतो, रात्री जरा गार असतं, फॅनवर भागतं. पावसाळा मुख्य मार्च ते जुलै नि परत थोडा सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्या टायमाला ओल नि डास दोन्ही, मग एसीचे पैसे वाचवू नका.

पाटीवर सेल्फ-कंटेन्ड लिहिलं असलं की बाथरूम आतच आहे असं धरा. तरीपण रूम बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, त्यात लाजायचं काय नाही, तिथले लोकही बघूनच घेतात. नळ सोडायचा, फ्लश ओढायचा, एसी लावून पाच मिनिटं तिथंच उभं राहायचं. काचेच्या पट्ट्यांच्या खिडक्या असतात, त्याच्या मागं डासाची जाळी फाटकी आहे का ते बोट लावून बघा. मोबाईलची रेंज बघा. दाराला आतनं कडी बघा. प्लगचं एक लक्षात ठेवा, तिकडं बऱ्याच ठिकाणी ब्रिटिश पद्धतीची चौकोनी तीन पिनांची सॉकेटं असतात, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, त्यामुळं नुसता ॲडॉप्टर लागतो. इथनंच न्या, दोन न्या, एक हॉटेलात विसरायचा असतोच.

जागा कुठली हा खरा प्रश्न. कुमासी राजधानी अक्रापासनं साधारण २५० किलोमीटर आत, बसनं पाच-सहा तास, विमानानं पाऊण-एक तास. केजेटिया म्हणजे तिथला मोठा बाजार, पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक, आणि त्याला लागून अडुम, तिथं बँका, दुकानं, मनी एक्स्चेंज सगळं. अडुममध्ये उतरलं की बाजार चालत, पण पहाटेपासनं लाऊडस्पीकर, हॉर्न, हातगाड्या. असोक्वा किंवा अहोड्वोकडं शांत आहे, पण सकाळी केजेटियाच्या चौकात ट्रॅफिक असं तुंबतं की टॅक्सीत बसून घाम गाळायचा. तुमचं काम मशिनचं, म्हणजे तुम्ही सुआमे मॅगझिनला जाणारच. तिथं गॅरेज, वेल्डिंग, लेथ, भंगार नि स्पेअर पार्टची हजारो छोटी दुकानं एकाला एक लागून आहेत, जुन्या ट्रकचं काहीही तिथं उघडून परत उभं करतात, मिरजेच्या माणसाचं तिथं मन रमतंय. मी असतो तर त्याच बाजूला बांटामात बघितलं असतं. तिथनं बाजारही लांब नाही आणि मोठं सरकारी हॉस्पिटल, कोम्फो अनोक्ये, तिथंच आहे.

फिरायला ट्रोट्रो, म्हणजे आपलं वडापच, गाडी भरल्याशिवाय हलणार नाही आणि दारात पोरगं ओरडत उभं. सॅम्पलचं मशिन बरोबर असताना त्यात चढू नका. टॅक्सी एकट्यासाठी पाहिजे तर ड्रॉपिंग असं सांगा, रेट बसायच्या आधी. ॲपच्या टॅक्स्याही मिळतात. पैसे डॉलरमध्ये न्या, शंभराच्या कोऱ्या नोटांना छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव देतात, सेडी, म्हणजे तिथलं चलन, मात्र लागतील तशाच बदलून घ्या. पासपोर्टवर सिम घ्या, मोबाईल मनी, म्हणजे सिमवरनंच पैसे द्यायची सोय, परदेशी पासपोर्टवर मिळते का तिथंच विचारा, भाजीवालीपासनं हॉटेलपर्यंत बरेच जण घेतात.

आणि एक, जे कुठल्याच ॲपवर लिहीत नाहीत. शुक्रवार-शनिवारी साधी हॉटेलं फुल्ल होतात. कारण मयताचे कार्यक्रम. असांते, म्हणजे कुमासी भागातले मूळचे लोक, त्यांच्यात अंत्यविधीचा मोठा कार्यक्रम शनिवारी असतो, मंडप, खुर्च्या, स्पीकर, काळ्या-लाल कपड्यांत शेकडो माणसं, अक्रावरनं आणि पार लंडनवरनं पाहुणे येतात, रविवारी परत चर्च. म्हणून शुक्रवारी रात्री पोचायचं नियोजन करू नका, सोमवार-मंगळवार बरा. शिवाय दर ४२ दिवसांनी रविवारी अकवासिदे नावाचा सण असतो, असांते राजाचा दरबार भरतो, तेव्हापण गर्दी. तसाही रविवारी बाजार थंडच, डीलर चर्चमध्ये असतो, त्याला फोन करून चिडवू नका.

काउंटरवर जी बाई किंवा पोरगं बसलेलं असतं त्याच्याशी नीट राहा. तिकडं आधी गुड मॉर्निंग, कसे आहात, मग काम. आपण सांगलीकर तोंड उघडलं की ‘ओ, पाणी नाय आलं’ म्हणून सुरू होतो, ते तिथं उद्धट वाटतं. डाव्या हातानं पैसे द्यायचे नाहीत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एवढं सांभाळलं की लाईट गेल्यावर पहिली बॅटरी तुमच्याच रूमला येते.

प्रश्न : मी आणि माझे मिस्टर दोघं जाणार आहोत, त्यांचं शेंगदाणा फोडायच्या मशिनचं काम आहे. ते माळकरी आहेत, अंडंपण चालत नाही. हॉटेलवाले करून देतील का? आणि एकादशीचं काय करायचं? – विश्रामबाग, सांगली

उत्तर : वहिनी, एकादशीची काळजी सगळ्यात कमी करा. शेंगदाणे, रताळी, केळी, पपई, अननस, बाजारात ढिगानं. उपासाच्या दिवशी उलट मिस्टर जास्त खातील. रस्त्यावर पिकलं मोठं केळं निखाऱ्यावर भाजून भाजक्या शेंगदाण्यांबरोबर देतात, एवढा चांगला फराळ मी आपल्याकडंही खाल्ला नाही.

अडचण बाकीच्या दिवसांची आहे. मीट नको म्हटलं की तिथं मासे घालतात, कारण मासे म्हणजे मीट नाही असा हिशोब. मासे नको म्हटलं तरी सुक्या माशाची नाहीतर कोळंबीची पूड रश्श्यात असतेच, आणि शितो म्हणून काळी तिखट चटणी ताटात येते, त्यातही तेच. त्यामुळं मीट नाही, फिश नाही, शितो नाही, अंडं नाही, चारही नावं घेऊन सांगायचं, आणि वाढणाऱ्याला नाही तर शिजवणाऱ्या बाईला. चवळीची पातळ उसळ तळलेल्या केळ्यांबरोबर देतात, रेड रेड म्हणतात त्याला, ती बिनमाशाची करायला सांगून बघा. वाक्ये म्हणजे भात नि चवळी एकत्र शिजवलेलं, ते नुसतं मागायचं, वरचं काहीच नको. केलेवेले म्हणजे आलं-मिरची लावून तळलेलं केळं, संध्याकाळी मिळतं. सकाळी हॉटेलात ब्रेड, ऑम्लेट नि चहा, तुमच्या वाट्याला ब्रेड नि चहा, आणि ब्रेड गोड असतो हे धरून चाला.

पंधरा दिवस असंच काढायचं म्हणजे कंटाळा येणार. म्हणून रूम ठरवतानाच विचारा की किचनमध्ये सकाळी अर्धा तास गॅस वापरू द्याल का. छोट्या घरगुती गेस्टहाऊसात बरेचदा हो म्हणतात, वर शेगडीजवळ उभं राहून बघतातपण. मोठ्या हॉटेलात नाही म्हणतील, म्हणून तुमच्यासाठी गेस्टहाऊसच बरं. तांदूळ, कांदा, टोमॅटो, मिरची, भेंडी, वांगी सगळं बाजारात आहे, डाळ नि पोह्याला सुपरमार्केट बघावं लागतं. घरनं चटणी, मेतकूट, मसाला न्या आणि भडंग दोन किलो न्या, एक तुम्हाला नि एक काउंटरवर वाटायला. रूममध्ये हीटरची कॉइल लावून भात शिजवायचा उद्योग करू नका, वायरिंग तेवढं जोर धरत नाही. पाणी सीलबंद पिशवीतलं प्या, अर्ध्या लिटरची पिशवी असते, कोपरा दातानं फोडायचा, पण आधी पिशवी पुसा.

बाजारात वहिनी तुम्हीच बरोबर जा. केजेटियात धंदा बायकांच्या हातात आहे, एकेका मालाची एक प्रमुख बाई असते, टोमॅटोची वेगळी, सुरणासारख्या यामची वेगळी, माल किती नि कुणी उतरवायचा यात तिचा शब्द चालतो. मिस्टरांच्या आधी तुमच्याशी बोलतील.

प्रश्न : आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा आहे. फेसबुकवर कुमासीच्या एका माणसाशी ओळख झाली, मामा गावचा चीफ आहे म्हणतो, सोनं आपल्या भावापेक्षा बरंच खाली देतोय. हॉटेलचा खर्चपण तोच करतो म्हणाला. जाऊन बघायला काय हरकत? – विटा

उत्तर : हरकत आहे भाऊ. जाऊ नका.

सोनं तिथं खरंच आहे, असांतेचं राज्यच सोन्यावर उभं राहिलं. म्हणूनच हा खेळ चालतो. हॉटेलची रूम फुकट म्हणजे तुम्ही कुठं झोपता, कुणाला भेटता, पासपोर्ट कुठं ठेवता सगळं त्याला माहीत. विट्याचा माणूस म्हणणार की मला कोण फसवणार, मी सोन्याचा टंच, म्हणजे चोखपणा, हातानं सांगतो. पण सॅम्पल खरंच असतं हो, ते वितळवून बघा, घासून बघा, चोख निघणार. त्याच्यानंतर सुरू होतं, एक्स्पोर्टचा टॅक्स भरा, सर्टिफिकेटचे भरा, माल एअरपोर्टवर अडकलाय तिथले भरा. आणि प्रत्येक वेळी आधीचे गेलेले वाचवायला माणूस पुढचे भरतो.

कायदाही बघा. २०२५ मध्ये घाना गोल्ड बोर्ड स्थापन झालं आणि १ मे २०२५ पासनं परदेशी माणसाला तिथल्या स्थानिक बाजारात सोन्याची खरेदी-विक्री करायची बंदी आहे. घ्यायचंच तर रीतसर अर्ज करून बोर्डाकडनं. मग हॉटेलच्या रूमवर पिशवी घेऊन येणारा मामा-भाचा कोण ते तुम्हीच ठरवा. फसलात तरी वांदा नि खरं निघालं तरी वांदा, पोलिसात तक्रार काय म्हणून देणार?

दुसऱ्या कामानं कुमासीला गेलातच तर मनह्या पॅलेस म्युझियम बघा. इंग्रजांनी लढायांत लुटून नेलेले असांते राजांचे काही सोन्याचे दागिने २०२४ मध्ये लंडनच्या दोन म्युझियमनी परत पाठवले, तेपण उसने. आपल्याच वस्तू उसन्या घ्यायच्या! असो. काम मात्र बघण्यासारखं, विट्याच्या माणसानं तर बघावंच.

प्रश्न : मुलगा पुढच्या महिन्यात चाललाय. कुठली लस लागते म्हणे? साध्या हॉटेलात मच्छरदाणी असते का? – तासगाव

उत्तर : ताई, पिवळ्या तापाची लस. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, पुण्या-मुंबईला आहेत, आधी अपॉइंटमेंट घ्या. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचलेली पाहिजे, म्हणजे पुढचा महिना म्हणत बसू नका, याच आठवड्यात फोन करा. एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवायचं, घानात उतरताना बघतात आणि परत येताना आपलं एअरपोर्टही बघतं, नसलं तर इथंच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. अंड्याची ॲलर्जी किंवा दुसरा काही आजार असेल तर डॉक्टरला आधी सांगा.

मच्छरदाणी साध्या हॉटेलात असेल नाहीतर नसेल, घरनं एक हलकी द्या, वर दोरी नि चार खिळेपण द्या. मलेरिया तिथला वाईट. जायच्या आधी डॉक्टरकडनं त्याच्या गोळ्या लिहून घ्या, आणि त्या परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात, घरी आल्याबरोबर पोरं बंद करतात. आल्यानंतर काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीसुद्धा ताप आला तर इथला डॉक्टर आधी डेंग्यू नि व्हायरल बघणार, तेव्हा दारातच सांगायचं, आफ्रिकेतनं आलोय, मलेरियाची तपासणी आजच करा.