आईंसाठी कुत्रा आणताय, पण आईंना विचारलंय का?

प्रश्न : ताई, आमच्या घरात मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासरे जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून आई जवळजवळ गप्पच झाल्या आहेत. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. गेल्या वर्षी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. त्यांच्या माहेरी कुत्रा होता, त्याच्या गोष्टी पूर्वी नातवाला रंगवून सांगायच्या. पुढच्या महिन्यात त्यांना ८० वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी एक छोटंसं पिल्लू आणून थेट त्यांच्या मांडीवर ठेवायचं, असं आम्ही ठरवलंय. नवऱ्याने पग बघून ठेवलाय, मुलगा बीगलसाठी हटून बसलाय. मी सहज विषय काढून पाहिला तर आई ‘कशाला आता?’ एवढंच म्हणाल्या. मी आणि नवरा दोघंही नोकरीला. शांत, लहान आणि फार व्याप नसलेला कुत्रा कुठला, ते सांगाल का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात पग आहे, बीगल आहे, वाढदिवसाचा बेत आहे. आईंच्या वाट्याला मात्र दोनच शब्द आलेत, ‘कशाला आता?’ आणि तेही तुम्ही ऐकून बाजूला ठेवलेत.

या दोन शब्दांचे निदान तीन अर्थ होऊ शकतात. एक, सरळ नकार. कुत्र्याची आवड होती ती वेगळ्या वयात, आता अंगावर नको. दोन, ‘तुम्हाला माझ्यासाठी आणखी त्रास नको’, हा घरातल्या मोठ्या बायकांचा ठरलेला संकोच. आणि तिसरा, जो मला सगळ्यात खरा वाटतो: ‘माझ्यामागे त्याचं कोण करणार?’ लहान चणीचा कुत्रा सहज १२ ते १५ वर्षं जगतो. हे गणित ८० वर्षांच्या माणसाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. तुम्ही विषय काढलात त्याच क्षणी त्यांनी ते मनात करून टाकलं असेल.

म्हणून पहिलं काम कुत्रा शोधण्याचं नाही. त्यांच्या खुर्चीशेजारी बसा आणि स्पष्ट सांगा की कुत्रा आला तर तो घराचा असेल, त्याची जबाबदारी तुमची आणि तुमच्या नवऱ्यांची, आज आणि पुढेही. ‘पुढेही’ हा शब्द चाचरत बोलू नका. त्यांना तो ऐकायचा असतो, आपणच तो बोलायचं टाळतो. एवढं सांगूनही त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. वाढदिवसाला दुसरं काहीतरी करा.

सरप्राइज तर मुळीच नको. ज्यांची हाडं एकदा मोडली आहेत त्यांच्या मांडीवर अचानक वळवळणारा जीव ठेवणं ही भेट नव्हे, परीक्षा आहे. त्यातून वाढदिवस म्हणजे घरात पाहुणे, आवाज, गडबड. पिल्लूही भेदरलेलं असणार. दोघांची पहिली ओळख अशी नको.

आता समजा त्या हो म्हणाल्या. तर माझं ठाम मत, पिल्लू नको. पिल्लाचे दुधाचे दात सुईसारखे असतात. सहाव्या महिन्यापर्यंत ते पडून नवे येत असतात आणि तोवर समोर येईल ते चावणं हेच त्याचं काम असतं: वॉकरचे रबर, साडीचा काठ, आजीची बोटं. तीन महिन्यांचं पिल्लू साधारण तीनेक तासांवर शू धरू शकत नाही. तुम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. मग फरशीवरचं ते ओलं पुसायला कोण वाकणार, आणि त्यावरून कोण घसरणार? शिवाय रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. त्या वयात कातडी कागदासारखी झालेली असते, खेळता खेळता नख लागलं तरी रक्त लवकर थांबत नाही. अंगातला दंगा बऱ्याच कुत्र्यांचा दीड-दोन वर्षांचं झाल्यावरच ओसरतो. तोवर आईंनी पाय वर घेऊन बसायचं का?

चार ते सात वर्षांचा, पूर्ण वाढलेला कुत्रा बघा. त्याचा स्वभाव आज दिसतो तोच असतो, अंदाज बांधावा लागत नाही. घरात शी-शू न करण्याची सवय त्याला बहुधा लागलेली असते. असे कुत्रे प्राण्यांच्या निवारा केंद्रांत असतात. कधी मालक परगावी जातो, कधी आजारी पडतो, आणि घरात वाढलेला गुणी कुत्रा नव्या घराच्या शोधात असतो. तो कुठल्या जातीचा आहे याला माझ्या लेखी फार किंमत नाही. मिश्र जातीचा असला तर आनंदच.

तरी तुम्ही जात विचारलीत, तर थोडक्यात सांगते. लहान म्हणजे शांत, हा गैरसमज आधी काढून टाका. बीगल मुळात टोळीने ससे हुडकायला पैदा केलेला कुत्रा. त्याच्या नाकाला वास लागला की हाताला हिसका बसलाच. नवऱ्यांचा पग स्वभावाने खरोखरच गोड, पण त्या चपट्या नाकामुळे त्याला उकाडा सोसत नाही, आणि ज्याला आपण गमतीने घोरणं म्हणतो ती पुष्कळदा श्वासासाठीची ओढाताण असते. पॉमेरेनियन दारावरच्या प्रत्येक चाहुलीला भुंकतो. चिवावा इतका नाजूक की वॉकरचा पाय पडला तर त्याचंच हाड मोडायचं. डॅक्सहुंडची पाठ लांब, सोफ्यावरून उड्या मारून मणक्यांमधल्या चकत्या सरकतात. ल्हासा आप्सो दिसतो खेळण्यासारखा, पण तिबेटी मठांत आतल्या बाजूचा राखणदार होता, अनोळखी माणूस त्याला चटकन चालत नाही. मांडीवर निवांत बसण्यात शिह त्झू आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हे खरे पटाईत. मात्र शिह त्झूचे केस रोज विंचरावे लागतात (हे काम आईंना आवडेलही), आणि कॅव्हेलियरमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार इतका आढळतो की डॉक्टरांनी छाती तपासल्याशिवाय तो घेऊच नये. वजन सहा ते दहा किलोंच्या दरम्यान असलं तर बरं. त्याहून लहान कुत्रा पायात आलेला दिसत नाही, आणि त्याहून मोठा आजारी पडला तर तुम्हाला उचलवत नाही.

पण खरी निवड समोरासमोर होते, आणि कुत्रा बघायला जाताना वॉकर सोबत न्यायला विसरू नका. शक्य असेल तर आईंसकट. त्यांना जमणार नसेल तर तुम्ही स्वतः वॉकर धरून त्यांच्यासारखं सावकाश चालून दाखवा. टक्, थांब, पाऊल. टक्, थांब, पाऊल. काही कुत्रे शेपूट घालून कोपऱ्यात जातात. काहींना वाटतं हा मोठा शत्रू आला, आणि ते त्या पायांवर तुटून पडतात. तुम्हाला हवा तो कुत्रा पुढे येईल, रबरी टोक हुंगेल आणि ‘बरं, असं आहे तर’ अशा थाटात बाजूला होऊन तुमच्याबरोबर चालेल. मग किल्ल्यांचा जुडगा हातातून पाडा. दचकला तर दचकू दे, सगळेच दचकतात. काही क्षणांत सावरून किल्ल्या हुंगायला आला तर उत्तम, पाच मिनिटांनीही थरथरत असेल तर तो आजींच्या घरासाठी नाही. नंतर खुर्चीत १५ मिनिटं नुसत्या बसा, त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. मांडीवर उड्या मारतो, हात चाटून हैराण करतो, की घटकाभर हुंदडून पायांशी पसरतो? शेवटी तळहातावर खाऊ धरा आणि तो हात न ओरबाडता घेतो का पाहा. पंजे आणि कान चाचपू देतो का, तेही पाहा, कारण पुढे नखं कापायची आहेत.

एक धोका इथेच सांगून ठेवते. कोपऱ्यात मिटून बसलेला कुत्रा शांत असेलच असं नाही. तो घाबरून गोठलेलाही असू शकतो. माणसांतही आपण गप्प आणि शांत यांत गल्लत करतोच. त्यामुळे एका भेटीवर ठरवू नका, दोन-तीनदा जा. आणि केंद्र तयार असेल तर दोनेक आठवडे सांभाळायला म्हणून घरी आणा, न जमल्यास परत करायच्या बोलीवर. कुत्र्यांची जाण असलेली माणसं सांगतात की नव्या घरात पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची लय पकडतो आणि पुरता रुळायला तीन महिने लागतात. खरा स्वभाव बाहेर यायला तेवढी सवड द्यावी लागते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने माझ्या पोटात गोळा आला ती: ‘गेल्या वर्षी पडल्या’. अमेरिकेत पट्टा लावून कुत्रा फिरवताना हाड मोडल्यामुळे रुग्णालयात गेलेल्या ६५ वर्षांवरच्या लोकांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त वाढलेली आढळली. त्यात सगळ्यात जास्त मोडलं ते खुब्याचं हाड. तेव्हा कुत्र्याला बाहेर नेणं हे आईंचं काम नाही, अगदी तो गरीब गाय निघाला तरी नाही. पट्टा वॉकरला बांधायचा नाही, मनगटाला गुंडाळायचा नाही. सकाळची फेरी नवऱ्यांची, संध्याकाळची मुलाची, पावसापाण्यातसुद्धा. हे दोघांकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर नव्याचे नऊ दिवस संपले की पट्टा तुमच्याच हातात येणार.

घरात कुत्रा पायात येतो तो मुख्यतः रात्री. माझ्या वडिलांकडे उतारवयात एक पांढरट, आखूड पायांचा कुत्रा होता, नाव भोपळ्या. प्रेमापोटी बरोब्बर त्यांच्या पलंगाला लागून झोपायचा, ज्या बाजूने ते उठायचे त्याच बाजूला. एका पहाटे ते बाथरूमला जायला उठले आणि पाय थेट भोपळ्यावर पडला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन गोष्टी केल्या. त्याची गादी पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीकडच्या बाजूला हलवली. गळ्यातल्या पट्ट्याला एक लहानसा घुंगरू बांधला. आणि जमिनीलगत रात्रीचा दिवा लावला. ‘जागेवर’ म्हटलं की त्या गादीवर जाऊन बसायचं, हे शिकायला भोपळ्याला दोन आठवडे लागले. वडिलांना मात्र त्याला गादीवरच राहू द्यायला शिकवणं आम्हाला कधीच जमलं नाही. तुमच्याकडेही हे होईल. निदान रात्री तरी कुत्रा आईंच्या खोलीबाहेर झोपेल असं बघा.

बाकीचं पटकन सांगते. घरी आणण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी, रेबीजसकट सगळ्या लसी, जंतांचं औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त. नखं तीन-चार आठवड्यांनी कापायची. आईंच्या डॉक्टरांनाही सांगा, आणि चावा किंवा खोल ओरखडा निघाला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आईंच्या गोळ्यांचा डबा झाकणाचा हवा आणि उंचावर हवा. खाली घरंगळलेली आयबुप्रोफेनची, म्हणजे दुखण्यावरची, एक गोळीसुद्धा लहान कुत्र्याला भारी पडू शकते. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट हेही त्याला वर्ज्य. आजी ताटातला घास हळूच खाली देणार, हे मी आत्ताच लिहून देते. भांडू नका. त्याच्या रोजच्या खाण्यातलेच थोडे दाणे एका वाटीत काढून आईंच्या हाताशी ठेवा, त्यांच्या हातून तेच जाऊ देत.

आणि आईंना कामं द्या. त्यांना नुसतं बघायला बसवलंत तर खिडकीऐवजी कुत्रा, एवढाच फरक पडेल. त्याचं खाणं मापून भांड्यात काढणं टेबलाशी बसून होतं, भांडं खाली ठेवायला नातू आहे. कुत्रा सोफ्यावर आपला आपण चढेल अशी एक बुटकी पायरी ठेवली की आईंना वाकावं लागत नाही, उचलावं लागत नाही, आणि मग बसल्या जागी ब्रश फिरवता येतो. नावही त्यांनाच ठेवू द्या. माहेरच्या कुत्र्याचं ठेवलं तर ‘जुनं कशाला’ म्हणू नका.

मुलाला सांगा की बीगल त्याने पुढे स्वतःच्या घरी आणावा, तेव्हा मी त्यालाही पत्र लिहीन. आणि या शनिवारी-रविवारी टीव्ही बंद करून आईंजवळ बसा. ‘कशाला आता?’ च्या पुढे त्या काय म्हणाल्या, ते मला नक्की कळवा.

— तुमची ताई