पुढच्या ब्रेकला लाइट लागतो, मागच्याला नाही: वायरिंग बदलण्याआधी हे बघा

वायरिंग बदलू नका, इतक्यात तरी नाही. तुम्ही विचारलंय ते असं: गाडी २००९ची, १०० सीसीची हिरो होंडा. हाताचा म्हणजे पुढचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, पायाचा म्हणजे मागचा दाबला की लागत नाही. बल्ब दोनदा बदलून झालाय आणि आता गॅरेजवाला पूर्ण वायरिंगचा खर्च सांगतोय. पण बिघाड कुठे आहे ते तुमच्या प्रश्नातच आलंय.

दोन ब्रेक म्हणजे दोन वेगळे स्विच, आणि दोन्ही एकाच बल्बला करंट पाठवतात. हाताच्या ब्रेकवर दिवा लागतो, म्हणजे बॅटरी, फ्यूज, बल्ब, होल्डर, अर्थ (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर) आणि मागे जाणारी वायर, सगळं शाबूत आहे. उरला फक्त मागचा स्विच, त्याची स्प्रिंग आणि त्याच्या दोन वायरी. बल्ब बदलून फरक पडायचा प्रश्नच नव्हता. हे गॅरेजवाल्याला कळायला हवं होतं, असो.

हा स्विच गाडीच्या उजव्या बाजूला, ब्रेक पेडलच्या वरच्या अंगाला असतो. बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, त्यातून खाली आलेली बारीक स्प्रिंग पेडलला अडकवलेली. पेडल खाली गेलं की स्प्रिंग ओढली जाते आणि आतला संपर्क जुळतो. जागा अशी की मागच्या चाकाचा सगळा चिखल तिथेच उडतो. त्यामुळे आधी वाकून स्प्रिंग जागेवर आहे का बघा. पावसाळ्यानंतर ती गंजून तुटलेली किंवा हुकातून निसटलेली मी बऱ्याच गाड्यांत पाहिली आहे, माझ्या स्वतःच्याही. तसं असेल तर काम तिथेच संपलं.

स्प्रिंग ठीक असेल तर किल्ली ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. या गाड्यांत ब्रेक लाइट बॅटरीवर चालतो, त्यामुळे इंजिनाची गरज नाही. आता हाताने स्प्रिंग थेट खाली ओढा. दिवा लागला तर स्विच चांगला आहे, फक्त सेटिंग ढिलं झालंय. स्विचच्या अंगावर आटे असतात आणि त्यावर एक नट. एका हाताने स्विच घट्ट धरा, दुसऱ्या हाताने नट फिरवा, म्हणजे स्विच वर सरकेल आणि दिवा लवकर लागेल. नट धरून स्विच फिरवू नका, वायरी पिळवटून आतून तुटतात. आधी मागच्या ब्रेकची ढील नीट करून घ्या, स्विच त्यानंतर. ब्रेक नुसता लागायला सुरुवात होताना दिवा पेटला पाहिजे. मागे वळून बघायला कुणी नसेल तर रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा, लाल उजेड भिंतीवर दिसतो.

सेटिंग जास्त वर घेतलं तर उलटा त्रास होतो, पाय न लावताही दिवा चालू राहतो. मला तो जास्त धोक्याचा वाटतो, कारण मागच्याला तुम्ही कधी थांबताय ते कळतच नाही.

स्प्रिंग ओढूनही दिवा लागला नाही तर स्विचच्या वायरी जिथे कप्लरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या जोडाला, जोडल्या आहेत तिथे जोड सोडा. होंडाच्या पद्धतीत एक वायर काळी असते, किल्ली ऑन केल्यावर करंट देणारी, आणि दुसरी हिरवी-पिवळी, बल्बकडे जाणारी. गाडीकडून आलेली ही दोन टोकं वायरच्या एका तुकड्याने एकमेकांना जोडा. दिवा लागला तर स्विच मेलाय, नवा बसवा. स्वस्त वस्तू आहे. मात्र काळं टोक चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागू देऊ नका, फ्यूज उडेल. आणि दिवा नाहीच लागला, तर कप्लरमध्ये हिरवट गंज धरलाय का बघा. पॉलिश पेपरने घासा, पिना जरा दाबून घट्ट करा.

ज्यांचा दोन्ही ब्रेकवर दिवा लागत नाही त्यांनी मात्र सुरुवात बल्बपासून करावी. तिथे १२ व्होल्टचा २१/५ वॅटचा बल्ब लागतो, आत दोन तारा: ५ वॅटची टेल लाइटची, २१ वॅटची ब्रेकची. टेल लाइट लागतो म्हणून बल्ब चांगला, असं धरून चालू नका. एक तार जाऊन दुसरी शाबूत राहते. त्याच्या बाजूच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. उलटा बल्ब जोर लावून बसवला की टेल लाइट भडक आणि ब्रेक लाइट मिणमिणता होतो. टेल लाइट चालू असताना ब्रेक दाबल्यावर दोन्ही मंद होत असतील किंवा विझत असतील, तर अर्थची वायर तपासा, दुसरं काही बघायच्या आधी. बल्ब वारंवार उडत असेल तर इंजिन रेस करून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १५ व्होल्टच्या वर गेलं तर रेग्युलेटरकडे, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाकडे, बघावं लागेल. ब्रेक लाइट लागत नाही आणि हॉर्नही मरगळलेला असेल तर बॅटरीच उतरलेली असणार. किक मारून गाडी सुरू होते म्हणून बरेच जण बॅटरीकडे लक्ष देत नाहीत.

तुमच्या बाबतीत यातलं काही लागणार नाही. आणि एवढं सगळं करूनही दिवा लागला नाही, तर कप्लरपासून मुख्य वायरिंगपर्यंतची ती दोनच वायरींची फांदी गॅरेजवाल्याला तपासायला सांगा. पैसे तेवढ्याचेच द्या.